तिसरी चूल

२ मे, शुक्रवार

आलो एकदाचा. सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून सांगली, तिथून वडापची जीप, आणि कवलापूरच्या पुढं द्राक्षबागांच्या मधोमध हे पांढऱ्या पत्र्याचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. ऊन असलं की डोळे उघडवत नव्हते. नानासो, म्हणजे मालक, स्वतः गेटवर उभे होते. माझी बॅग त्यांनी उचलली. पोवई नाक्यावरच्या दुकानात मी पाच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, तिथला मालक चहासुद्धा अर्धा कप द्यायचा. इथं मालकच हमाल झालेला बघून मला बरं वाटलं.

ही डायरी शिवांजलीनं दिली. ती मिरजेला एका हॉस्पिटलात नर्स आहे, औषधवाले त्यांना असल्या डायऱ्या वाटतात. लग्नाला वर्ष होऊन गेलं. ती मिरजेच्या होस्टेलवर, मी साताऱ्यात. रविवारी भेटायचं आणि संध्याकाळी स्टँडवर हात हलवायचा, असला आमचा संसार. या नोकरीत दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, तेही बिनभाड्याचं. मशीन सुरळीत लावून दिलं की नोकरी पक्की, आणि मग ती इथं राहायला येणार. मी एवढ्यासाठीच आलोय. बेदाण्याशी मला काही देणंघेणं नाही.

ती म्हणते मी लय संशयी आहे, देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन तोंडात टाकतो. म्हणून आल्याआल्या ठरवलं, इथं कुणावर संशय घ्यायचा नाही. निदान पहिला आठवडा तरी.

३ मे, शनिवार

मशीन बघितलं. ऑफिसच्या मागं वेगळी खोली आहे, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीपलीकडं चेंबर. कॉम्प्युटर जुना पण दणकट. त्यात दोन सिस्टीम टाकल्यात. मालाचा हिशेब विंडोजमध्ये, आणि चेंबरचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम लिनक्समध्ये. चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर यादी येते, कुठं जायचं ते निवडायचं. न निवडलं तर थोडा वेळ थांबून आपणच पहिल्यात जातं. तक्रार अशी, की ते धड सुरूच होत नाही. कधी काळ्या पडद्यावर अडकतं, कधी भलत्याच ठिकाणी जातं. भाऊसो सुपरवायझर म्हणाले, आमी आपलं वायर उपसतो आन पुन्हा खुपसतो. असं केल्यावर कुठलं मशीन नीट राहील?

यादीत मात्र दोन नाही, तीन नावं आहेत. विंडोज, लिनक्स, आणि खाली इंग्रजी अक्षरांत सूरज. हे काय, म्हणून विचारलं तर भाऊसो म्हणाले, आधीचा ऑपरेटर, त्यानं आपल्यापुरतं कायतरी करून ठेवलं असेल. तो कुठं गेला, तर म्हणे, गेला. एवढं बोलून तंबाखू मळत बाहेर निघून गेले.

संध्याकाळी शिवांजलीला फोनवर समजावून सांगितलं. एका मशीनमध्ये तीन सिस्टीम म्हणजे एका घरात तीन भावांच्या तीन चुली. छप्पर एकच, पण एका चुलीवर काय शिजतंय ते दुसरीला दिसत नाही. आणि एका वेळी एकच पेटते. ती म्हणाली, मग आपली चूल कवा पेटायची ते सांगा आधी.

५ मे, सोमवार

आज कामाला हात घातला. बोर्डावरचा बटणासारखा सेल मेला होता, त्यामुळं मशीन दर वेळी तारीख विसरायचं. नवा टाकला. डिस्क तपासली, ठणठणीत. सुरू होण्याची यादी दुरुस्त केली आणि पहिला नंबर लिनक्सला दिला. दिवसभर दहा वेळा बंद-चालू केलं, एकदाही अडकलं नाही. नानासोंनी पाठीवर थाप मारली. यूपीएसची बॅटरी मेल्यात जमा आहे, वीज गेल्यावर जेमतेम पाच मिनिटं काढते, नवी लागेल म्हणालो. आणू म्हणाले.

तापमानाच्या पडद्यावर पाच चेंबर दिसतात. प्रत्येकासमोर अंश, आणि दार उघडं की बंद ते. मजा म्हणजे माणूस आत गेला की कळतं. बेदाणा निवडणाऱ्या बायकांतली हरणाबाई दोन नंबरमध्ये खोकी मोजायला गेली, तर थोड्या वेळात अर्धा अंश चढला. माणसाच्या अंगाची ऊब. बाहेर चप्पल काढून आत जायचा इथं नियम आहे, त्यामुळं कोण आत आहे ते चपलांवरूनही कळतं.

हरणाबाईनं दुपारी भाकरी आणि वांग्याचं भरीत आणून दिलं. मी नको म्हणालो, तर म्हणाली, खावा लेकरा, तुमी आलासा लय बरं झालं. डोळे पुसत होती. भरीत तिखट होतं, पण तिनं कुठं खाल्लं होतं?

७ मे, बुधवार

सकाळी खोली उघडली तर मशीन आधीच चालू, आणि तिसऱ्या सिस्टीममध्ये. काल मी स्वतः बंद केलं होतं. कुलूप मीच लावलं. दुसरी किल्ली भाऊसोंकडं असते. त्यांना विचारलं तर देवाशपथ म्हणाले. देवाची शपथ एवढ्या लवकर घेणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

त्या सिस्टीममध्ये फक्त तापमानाचा पडदा आहे, लिनक्समध्ये आहे तसाच. पण घड्याळ फेब्रुवारीचं दाखवतं. सेल नवा, बाकी दोन्ही ठिकाणी तारीख बरोबर, आणि इथंच चूक. दुरुस्त केली. परत फेब्रुवारी.

आणखी एक. पाच नंबरच्या चेंबरला तीन महिने माल नाही असं विंडोजचा हिशेब सांगतो. तरी तो रात्रंदिवस थंड ठेवलेला आहे. रिकाम्या खोलीला कोण वीज जाळतं? आणि लिनक्समध्ये पाच नंबर चार अंश दाखवतो, तिसऱ्या सिस्टीममध्ये साडेचार.

म्हणजे आत माणूस आहे? का चोरून ठेवलेला माल? आठवडा संपायचा होता, पण मी संशय घेतला.

८ मे, गुरुवार

माझा तर्क असा. हे लोक हिशेबाबाहेरचा बेदाणा पाच नंबरमध्ये ठेवतात आणि त्याची नोंद या लपवलेल्या सिस्टीममध्ये. सूरजला ते कळलं असणार, म्हणून त्याला घालवला. आणि मला हे लाडीगोडीनं बांधून ठेवतायत, बिनभाड्याचं क्वार्टर, भाकरी, बॅग उचलणं. आयतं काही मिळत नसतं, हे मला साताऱ्यातच कळलंय.

अजून एक लक्षात आलं. माझ्या खोलीत कुणी बसत नाही. भाऊसो उंबऱ्यातूनच बोलतात. चहा आणणारी बाई कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवते. खुर्ची एकच का, म्हणून विचारलं तर नानासोंनी लगेच दुसरी आणून दिली, पण तिच्यावर आजवर कुणी टेकलेलं नाही. मी मात्र दोनदा ती टेबलाजवळ सरकलेली बघितली.

भर दुपारी बायका जेवायला बसल्या तेव्हा किल्ली घेऊन पाच नंबर उघडला. आत काही नाही. फळ्या, पंखे, फरशी. आतल्या बाजूला दाराची मूठ नवी कोरी आहे, बाकी चारही दारांना जुन्या. बाहेर आलो तर हरणाबाई हातातला घास तसाच धरून माझ्याकडं बघत होती.

१० मे, शनिवार

तिसरी सिस्टीम यादीतून लपवली. सकाळी परत आली. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून तिची जागा डिस्कवरून पार पुसली. मोकळी जागा दिसली, खात्री केली. चालू केलं, यादीत सूरज आहेच. पुसलेल्या जागेवरून काही सुरू होऊ शकत नाही. हे मी पाच वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आलोय.

भाऊसोंकडून किल्ली काढून घेतली. मशीनला पासवर्ड टाकला. तरी काल ते आपणच पुन्हा सुरू झालं, माझ्यासमोर, मी कपाला हात लावायच्या आत. यादी आली. ठळक पट्टी पहिल्या नावावर होती. ती खाली सरकली. एकदा, दोनदा. कीबोर्ड मी आधीच काढून ठेवला होता.

शिवांजलीला काही सांगितलं नाही. ती पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे ते विचारत होती. निळे म्हणालो.

१२ मे, सोमवार

डिस्कच काढली. टेबलावर ठेवली, वायर सुटी. मशीनच्या पोटात आता काही नाही. चालू केलं तर 'डिस्क सापडत नाही' एवढंच यायला हवं.

यादी आली. एकच ओळ.

हरणाबाईला गाठलं. बेदाण्याच्या ढिगाशी बसली होती. म्हणालो, मावशी, खरं सांगा, नाहीतर मी आज निघतो. निघतो म्हणाल्यावर ती घाबरली. का घाबरली, ते नंतर कळलं.

सूरज इथं एकटाच असायचा. चेंबरही तोच बघायचा, मशीनही. एकट्याला होत न्हाई, सोबतीला कुणीतरी द्या, म्हणून नानासोंच्या मागं लागला होता. फेब्रुवारीत गावच्या यात्रेला कोल्डमधलं काम दोन दिवस बंद ठेवलं. जाताना तो शेवटचं बघायला पाच नंबरमध्ये गेला. आतली मूठ मोडलेली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. दार लागलं. इकडं सगळ्यांना वाटलं तो यात्रेत आहे, यात्रेत वाटलं तो कामावर आहे. परत आल्यावर बाहेर चपला दिसल्या. तेव्हापासून पाच नंबरमध्ये कुणी माल ठेवत नाही, आणि तो बंद करायलाही कुणी धजत नाही.

तिसऱ्या दिवशी नदीवर निवद ठेवला. कावळा शिवेना. आईला संभाळू म्हणाले, न्हाई. बहिणीचं लग्न करून देऊ म्हणाले, न्हाई. पेढे ठेवले, त्याला आवडायची ती भजी ठेवली. ऊन डोक्यावर आलं, म्हातारी आई वाळूत लोळायला लागली. तवा नानासो पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, सूरज, तुला सोबतीला माणूस देतो रं बाबा.

तिनं बोटं मिटली आणि उघडली. म्हणाली, लगीच शिवला.

गावातलं कुणी नोकरीला आलं नाही, कारण सगळं गाव तिथं उभं होतं. म्हणून जाहिरात साताऱ्याला.

१३ मे, मंगळवार

नानासोंना विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. म्हणाले, काय करणार, माय रडत होती, तिथं माणूस तोंडाला येईल ते बोलतो. पगार वाढवतो म्हणाले. मला शिव्या द्यायच्या होत्या, आल्या नाहीत. भीतीच वाटली नुसती.

निघायचं. पक्कं. शिवांजलीला कळवलं, नोकरी सोडतोय, येऊ नको, मीच मिरजेला येतो. ती चिडली. निळे पडदे घेऊन झाले होते.

१४ मे, बुधवार

बॅग भरून गेटपर्यंत गेलो. मागं वळून बघितलं तर खोलीच्या खिडकीत पडदा उजळलेला. डिस्क माझ्या बॅगेत. वडाप आलं, गेलं. पाय उचलला नाही. पाय सुन्न, गार. बाहेर चाळीस अंशाचं ऊन आणि गुडघ्यापर्यंत गार.

परत आल्यावर ऊब आली पायाला. म्हणजे सोडणार नाही तो—

१५ मे, गुरुवार

ज्या शब्दानं बांधलं, तसल्याच शब्दानं सुटेल असं वाटलं. दुपारी हरणाबाईकडून भात मागून घेतला. मागच्या लिंबाखाली पानावर ठेवला, दही घातलं. कावळे होते, चार-पाच, वरच्या फांदीवर. खाली बघत.

तुझी सिस्टीम पुन्हा पुसणार नाही म्हणालो. हलले नाहीत. पाचही दारांना नव्या मुठी बसवतो. नाही. तुझ्या आईला दर महिन्याला भेटून येईन. नाही. घाम डोळ्यात जात होता आणि पाय गार, तसेच गार. रडू आलं. शेवटी म्हणालो, मला जाऊ दे, माझ्या जागी दुसरं कुणीतरी येऊन बसेल.

लगेच शिवला.

पाय मोकळे झाले. गेटबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन आलो, काही नाही. हसलो मी. कुणीतरी म्हणजे कोण, ते नानासो बघतील. पुढच्या माणसाचं मला काय करायचंय. डिस्क परत बसवली, मशीन नीट लिनक्समध्ये गेलं, यादीत दोनच नावं. पासवर्ड काढला, खोलीची किल्ली भाऊसोंना परत दिली. उद्या सकाळी टेम्पो ठरवायचा, इथं येऊन घेतलेली गादी, कपाट चढवायचं, सुटलो.

१६ मे, शुक्रवार

टेम्पोवाल्याकडं कवलापूरला गेलो होतो. तासभर. तेवढ्यात शिवांजली आली. रजा काढून, सामान बांधायला मदत म्हणून, न सांगता. भाऊसो म्हणतात, त्यांनी क्वार्टरची किल्ली न्हाई म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली मी यांच्या खोलीत बसते. माझ्या खुर्चीवर बसली. भाऊसोंनी उंबऱ्यातून पाणी दिलं.

थांबवलं का नाही— मी ओरडलो त्यांच्यावर.

पर्स खुर्चीला अडकवलेली. पिशवीत निळे पडदे. ती नाही.

पाच नंबरसमोर तिच्या चपला. निळ्या पट्ट्यांच्या, मीच घेतलेल्या.

दार उघडलं. आत कुणी नाही. फळ्या, फरशी, काही नाही. तिचं नाव घेऊन हाका मारल्या. फोन लावला, वाजतोय, कुठंतरी लांब वाजतोय, आतच, पण आत काही नाही.

—

भाऊसोंनी आता सांगितलं. ती खुर्चीत दिसेना म्हणून ते धावत आले, तेव्हा पडद्यावर सूरज होतं. घाबरून त्यांनी वायर उपसली आणि लिनक्स लावलं. नेहमी करतात तसं. मग आम्ही दार उघडलं.

एका वेळी एकच चूल पेटते. मीच सांगितलं होतं तिला.

—

पुन्हा चालू केलं. यादीत तीन. तिसरं निवडलं, मीच, माझ्या बोटानं.

घड्याळ फेब्रुवारी. पाच नंबर, पाच अंश. साडेचार असायचं. अर्धा तो. अर्धा—

दार बंद दाखवतंय. म्हणजे ती आत आहे, आहे ऊब तिची. एवढ्यात काही होत नाही चार अंशात, नर्स आहे ती, हलत राहील, तिला कळतं.

नानासो आलेत. लांब उभे. कुणी खोलीत येत नाही.

—

पावणेपाच अंश झालं आता. कमी होतंय.

वीज गेली. यूपीएस वाजतोय. पाच मिनिटं. भाऊसो, नानासो, जो कोण वाचेल, मशीनला हात लावू नका. जनरेटर लावा. वायर उपसू नका, बाबांनो, पाया पडतो. हे चालू असताना मी दार उघडतो आणि तिला घेऊन—

पडद्यावर पाच नंबरचं दार आता उघडं दाखवतंय. मी अजून जागेवरच आहे. आतून कुणीतरी—

चपलांचा आवाज. तिच्याच. उंबऱ्यात थांबली. दोघं आहेत. दुसरी खुर्ची सरक